मॅचिंगवहिनी

साडी ठरल्याशिवाय मॅचिंगवहिनींचे डोळे ठरत नाहीत. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडतात तेव्हा ते चारचौघींसारखे काळेभोर आणि जरा झोपाळलेले असतात. दुपारी भिशीला येतात तेव्हा पापण्या डाळिंबी झालेल्या असतात. संध्याकाळी नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत भेटल्या तर मोरपंखी. मधल्या वेळात फक्त साडी बदललेली असते. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या सभासदांच्या यादीत आहे, पण डोंबिवलीतल्या आमच्या तिन्ही विंगांत ते कुणी वापरत नाही. कुरियरवालासुद्धा वॉचमनला "ते मॅचिंगवाल्या काकू कितव्या मजल्यावर?" असं विचारतो, आणि वहिनींना त्यात काही वावगं वाटत नाही. पदवी कष्टाने मिळवलेली आहे, उगाच का नाकारायची?

तसं मॅचिंग हे महाराष्ट्राचं जुनंच व्रत. ज्या गावात धड रस्ता नाही तिथेही 'मॅचिंग सेंटर' अशी पाटी लावलेलं दुकान असतं. आत भिंतभर टू बाय टू रुबियाचे तागे. बाई पिशवीतून साडीचं टोक काढून काउंटरवर ठेवते, दुकानदार वर न बघता हात बरोबर त्या ताग्यावर नेतो, आणि मग खरा सोहळा सुरू होतो. कापड घेऊन दुकानाबाहेर फुटपाथवर जायचं आणि साडीशेजारी उन्हात धरायचं. याला हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली तर ट्यूबलाइटखाली ती एकाच रंगाची वाटू शकतात. ट्यूबच्या उजेडात जे रंग मुळातच कमी असतात ते उन्हात भरपूर असतात, आणि तिथे दोन्हींचं पितळ उघडं पडतं. रंगशास्त्रात याला मेटॅमरिझम म्हणतात. दुकानदार "ताई, उजेडात बघून या" म्हणतो.

बाकीच्या बायका ब्लाउज, परकर, फॉल, बांगड्या आणि टिकली इथवर येऊन हिशेब मिटवतात. वहिनींचा हिशेब पापणीवर जाऊन मिटतो.

त्यामुळे सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवरही त्या मॅचिंग सेंटरच्याच रिवाजाने जातात. मी एकदा ठाण्याच्या मॉलमध्ये त्यांच्याबरोबर होते. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून, "मॅम, काय दाखवू?" विचारलं. वहिनींनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ब्लाउजच्या कापडाचा बोटभर तुकडा काढला. शिंप्याकडून उरलेलं कापड त्या कधीच टाकू देत नाहीत. "हा," त्या म्हणाल्या. मुलीने टेस्टरमधून त्यांच्या हातावर बोटाने एक रेघ ओढली. वहिनींनी तुकडा रेघेशेजारी धरला, डोळे बारीक केले, आणि हात तसाच पुढे धरून चालू लागल्या. काउंटर ओलांडून, सरकत्या जिन्यावरून खाली, थेट मॉलच्या दारातून बाहेर रिक्षास्टँडपर्यंत. दुसऱ्या हातात टेस्टर तसाच होता. तो बघून मॉलचा सुरक्षारक्षक मागे, त्याच्या मागे ती मुलगी, आणि सर्वांत मागे मी. उन्हात उभं राहून वहिनींनी निकाल दिला, "यात निळा जास्त आहे. मला आमसुली हवाय, हा जांभळाकडे गेलाय." सुरक्षारक्षकाने हात वाकून बघितला. तो गावाकडचा असावा. म्हणाला, "व्हय. आमसूल न्हाई हे. पिकलं जांभूळ हाय." वहिनींनी त्याच्याकडे ज्या आदराने बघितलं त्या आदराने त्यांनी स्वतःच्या यजमानांकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

घरी त्यांच्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये आयशॅडो असतात. दागिने बाहेर, साध्या डब्यात. चोर आला तर त्याला दागिन्यांसाठी फार शोधावं लागू नये, म्हणजे तो लॉकर फोडणार नाही, असं त्यांचं गणित आहे. पॅलेटवर कंपन्यांनी दिलेली नावं त्यांना मान्य नाहीत. प्रत्येक खणाखाली बारीक चिठ्ठी चिकटवून त्यांनी बारसं केलेलं आहे: अबोली, विटकरी, शेवाळी, अंजिरी, बदामी, राणी, श्रीखंडी. एका खणाखाली 'चिंतामणी' लिहिलंय. चिंतामणी नेमका कसा, यावर आमच्या मजल्यावर गेली कित्येक वर्षं एकमत झालेलं नाही, पण वहिनींच्या लॉकरमध्ये त्याचा नमुना आहे, म्हणून वाद तिथे नेऊन मिटवतात. डबीच्या पाठीमागे उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात '12 एम' असं छापलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवायचं. वहिनी त्याखाली मार्करने उघडल्याची तारीख घालतात. लोणच्याच्या बरणीवरही घालतात. अक्षर तेच, शाईही तीच.

त्या पॅलेटच्या खोक्यात कधीमधी एक घडीपत्रक निघतं. निळ्या डोळ्यांना तपकिरी आणि तांबूस छटा शोभतात, हिरव्या डोळ्यांना जांभळ्या, घाऱ्यांना अमुक, वगैरे. वहिनींनी ते प्रामाणिकपणे वाचलं आणि आमच्या सोसायटीवर लावून बघितलं. तिन्ही विंगांत मिळून सगळे डोळे तपकिरी ते काळे. घाऱ्या डोळ्यांचे एकच कोकणस्थ काका निघाले, आणि ते आयशॅडो लावत नाहीत. गोऱ्यांच्या देशात डोळ्यांचेच रंग इतके, की पापणीचा रंग डोळ्याशी जुळवत बसायला जन्म पुरतो. आपल्याकडे डोळा सगळ्यांचा एकच, मग माणसाने जुळवायचं कशाशी? उरतं कापड. वहिनींचं हे निदान मला तरी बिनतोड वाटतं.

आता या सगळ्या व्यापातली खरी गोम सांगते. पापणीवरचा रंग डोळा उघडा असताना जवळजवळ दिसतच नाही. भारतीय पापणी तर पुष्कळदा अशी घडी घालून आत जाते की अर्ध्या तासाची कारागिरी एका उघडझापीत गडप होते. रंग पुरता दिसायचा तर डोळा मिटायला हवा, आणि डोळा मिटला की जिने तो लावला तिला तो दिसत नाही. एक डोळा मिटून दुसऱ्याने आरशात बघता येतं, पण तेव्हा मिटलेला डोळा सुरकुततो आणि चेहरा कुणाला तरी खुणावल्यासारखा दिसतो. दोन्ही पापण्या एकदम, शांत, सपाट अशा त्यांच्या मालकिणीने आरशात आजवर बघितलेल्याच नाहीत. चित्रकाराला निदान आपलं चित्र भिंतीवर टांगून दोन पावलं मागे जाता येतं.

म्हणून वहिनींनी हळूहळू आपल्या वागण्यात डोळे मिटायच्या जागा निर्माण केल्या. आरतीला त्या पहिल्या कडव्यापासून डोळे मिटतात. नवीन राहायला आलेल्या बायकांना त्या फार भाविक वाटतात. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात समेवर मिटतात, भाषणात वक्त्याच्या प्रत्येक वाक्याला संमती म्हणून मिटतात, आणि एरवी बोलताना पापणी इतक्या सावकाश लवते की समोरच्याला आपलं काही चुकलं की काय असं वाटून तो वाक्य बदलतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चावर वाद पेटला होता. वहिनींनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. सेक्रेटरी गडबडले आणि म्हणाले, "ठीक आहे, तुमचा विरोध असेल तर पुढच्या सभेत घेऊ." वहिनींचा विरोध कशालाच नव्हता. नवीन पोपटी होता.

राहिला साक्षीदाराचा प्रश्न. तो घरातच आहे. वहिनींचे यजमान, आमचे भाऊ, लोकलचे मोटरमन होते. रेल्वेने त्यांच्या रंगदृष्टीची नोकरीभर परीक्षा घेतली. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचं ते इशिहाराचं पुस्तक त्यांनी दरवेळी घडाघड वाचलं. भारत सरकारच्या लेखी त्यांचे डोळे निर्दोष आहेत, आणि वहिनींच्या लेखी ते ठार आंधळे आहेत. दोन्ही खरं आहे. भाऊंना रंग चोख दिसतात, पण नावं चारच येतात: लाल, यलो, डबल यलो आणि हिरवा. निघायच्या आधी वहिनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसतात, दोन्ही डोळे मिटतात आणि म्हणतात, "बघा." भाऊ वर्तमानपत्र खाली करतात. तेवढ्या शांततेत त्या माणसाच्या सबंध नोकरीतला ताण त्यांच्या चेहऱ्यावर परत येतो. मग ते म्हणतात, "छान."

"काय छान?"

"म्हणजे… क्लिअर आहे."

"दोन्ही सारखे आहेत का?"

"डावीकडचा जरा वर आहे."

हे मात्र ते अचूक सांगतात. खांब कुठे आणि दिवा किती उंचीवर, यात भाऊंची चूक होत नाही. त्यामुळे वहिनींना रंगासाठी सुरक्षारक्षक आणि मापासाठी नवरा, अशी विभागणी करावी लागली आहे.

वहिनींची वारी म्हणजे नवरात्र. नऊ दिवसांचे नऊ रंग कुठल्या पोथीत सापडायचे नाहीत. 'महाराष्ट्र टाइम्स'ने या शतकाच्या सुरुवातीला ते छापायला घेतले, वाचक बायकांचे एकरंगी गटांचे फोटो मागवले, आणि बघता बघता बँका, शाळा, लोकलचे लेडीज डबे सगळे त्या पंचांगाने रंगू लागले. हिशेब साधा, वाराचा आहे. रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, आणि वरच्या दोन दिवसांना जांभळा, मोरपंखी किंवा गुलाबी यांतलं काहीतरी. इतर बायकांचं काम साडी नेसली की संपतं. वहिनींची तिथे सुरुवात होते, कारण साडीला जे रंग खुलतात ते पापणीला खुलतीलच असं नाही.

2023 चं नवरात्र मला चांगलं आठवतं. सोमवारी पांढरा. पांढरी पापणी ही दिसायला फार विचित्र गोष्ट आहे. माणूस डोळे मिटतो आणि तरी डोळे उघडेच आहेत असं वाटतं. वहिनी देवीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि समोरच्या बाईचं लहान मूल भोकाड पसरून रडायला लागलं. भाऊ म्हणाले, "पांढरे दोन दिवे आडवे म्हणजे शंटिंगचा सिग्नल बंद. जागचं हलायचं नाही." मंगळवारी लाल. त्या वर्षीच्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ येऊन गेली होती आणि तिची धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. लालभडक पापण्या घेऊन वहिनी दादरला बहिणीकडे निघाल्या. लेडीज डब्यात चौथी सीट मिळायची मारामार, पण त्यांना चक्क खिडकी मिळाली, आणि शेजारची जागा ठाण्यापर्यंत कुणी घेतली नाही. समोरच्या लाल साडीतल्या बाईने हातावर सॅनिटायझर चोळत चोळत मोठ्या मायेने विचारलं, "ड्रॉप्स घालताय ना?" गुरुवारी पिवळा. लिफ्टमध्ये आमचे डॉक्टर भेटले. त्यांनी नमस्कार केला, थबकले, आणि चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत भूक कशी लागते, मळमळतं का, बाहेरचं पाणी प्यायलात का, सगळं विचारून झालं. घरी भाऊंनी एकच शब्द उच्चारला, "डबल यलो." पुढचा सिग्नल जपून, असा त्याचा रेल्वेत अर्थ होतो. पुढचा सिग्नल म्हणजे शुक्रवार. शनिवारच्या करड्याने मात्र वहिनींचे पांग फेडले. राखाडीत थोडं काळं मिसळून कडेला विरवत नेलं की त्याला स्मोकी आय म्हणतात आणि त्याचे पार्लरवाल्या वेगळे पैसे लावतात. वर्षातून एकदा पंचांग आणि फॅशन एका रांगेत येतात तो हा दिवस.

या नऊ दिवसांनी वहिनींचा आत्मविश्वास खचायला हवा होता. खचला नाही, पण त्यांच्या मतांत फरक पडला, आणि तो पाडला त्यांच्या सासूबाईंनी. सासूबाई नव्वदीच्या घरात, सोलापूरकडच्या, आयुष्यभर इरकल नेसलेल्या. सूनबाईंचा हा सगळा खटाटोप त्या खाटेवरून न बोलता बघायच्या. एकदा हिरव्या साडीवर हिरव्या पापण्या करून वहिनी वाकून नमस्कार करायला गेल्या तेव्हा म्हातारीने हनुवटी धरून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगं, आम्ही कधी लुगड्याच्या रंगाची चोळी घातली होती का?"

"म्हणजे?"

"हिरवं लुगडं, त्याला तांबडा काठ, वर जांभळा खण. सगळं हिरवंच असतं तर काठ लावला कशाला विणकऱ्यानं? अंगाचा रंग अंगाला. तू काठाकडे बघ."

वहिनी त्या रात्री झोपल्या नाहीत. कपाट उघडून एकेक साडी काढून काठ बघत बसल्या. म्हातारी काही भलतं बोलली नव्हती. चित्रकला शिकवणारे रंगांचं जे चक्र काढून दाखवतात त्यात लालसमोर हिरवा येतो, पिवळ्यासमोर जांभळा आणि निळ्यासमोर नारिंगी. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की दोन्ही उजळतात. तेच ते ठेवले की दोन्ही मरगळतात. आपल्या काठांनी हे कधीपासून पाळलंय. हिरव्याला लाल काठ, पिवळ्याला जांभळा, काळ्या चंद्रकळेला लाल नाहीतर जरीचा. वहिनींनी अंगाला पापणी जुळवणं त्या दिवसापासून सोडलं आणि काठाला जुळवायला घेतलं. लाल काठाला सरळ लाल लावायचा नाही, तपकिरीत बुडवून विटकरी करून लावायचा, एवढी सुधारणा मागच्या अनुभवातून त्यांनी स्वतः केली. संक्रांतीला त्या काळ्या साडीवर फक्त सोनेरी पापण्या घेऊन आल्या आणि तिळगूळ देताना सवयीने डोळे मिटले, तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून "वा!" म्हटलं. रंगाला दाद न देता फक्त हसणाऱ्या आम्ही सगळ्याच जणी त्या दिवशी जरा ओशाळलो.

सासूबाईंची बाजू अशी जिंकून झाल्यावर सुनेची बाजू उघडली. वहिनींचा मुलगा आणि सून बंगळुरूला असतात. सून कामाची, हुशार, आणि 'न्यूड' संप्रदायातली. या संप्रदायात आठ वस्तू वापरून काहीच न लावल्यासारखं दिसायचं असतं.

"आई, एक न्यूट्रल ब्राउन घ्या ना. सगळ्यावर जातं."

"सगळ्यावर जातं ते काजळ. मग काजळाने काय घोडं मारलं होतं? तुझ्या आजेसासूबाई एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याचं ताट पालथं घालायच्या. सकाळी काजळी खरवडून तुपात खलायची. फुकट."

"पण आई, डोळे हायलाइट व्हायला हवेत, कपडे नाही. लोकांचं लक्ष तुमच्याकडे जायला हवं."

"माझ्याकडे कशाला? साडी साडेसहा हजारांची आहे."

सुनेने मग इतिहास काढला, की हे कपड्यांना जुळवणं वगैरे जुनाट आहे, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या निळ्या आयशॅडोसारखं. वहिनी तयारीत होत्या. त्यांनी तिला इजिप्तमध्ये नेलं. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी मॅलाकाइट नावाचा हिरवा दगड कुटून डोळ्यांना लावला होता, आणि तिथल्या राणीवरच्या 1963 च्या 'क्लिओपात्रा' सिनेमात एलिझाबेथ टेलरने निळ्या पापण्या घेऊन सगळ्या जगाला वेड लावलं होतं. "जुनाट म्हणतेस ते इतकं जुनं आहे की तुझं ब्राउन त्याच्या पासंगाला पुरायचं नाही." आणि मग त्यांनी डबीच्या मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचून दाखवली. तपकिरी, तांबडे, पिवळट रंग म्हणजे लोहाची ऑक्साइडं, तुळशीवृंदावनाला सारवायची ती काव आणि गेरूच. चकाकीला अभ्रक. निळ्यात अल्ट्रामरीन, म्हणजे धोतराला द्यायची नीळ. "हे सगळं माझ्या आजीच्या घरात होतं गं. फक्त डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं." सून हसली आणि तिने ब्राउन पर्समध्ये परत ठेवलं. संध्याकाळी तिच्या मोतिया साडीच्या काठाचा राणी रंग तिच्याही पापणीच्या कडेला बारीकसा दिसला. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही.

वहिनींच्या आयुष्यातला सर्वांत अवघड पेपर म्हणजे पुतण्याच्या लग्नातली पैठणी. येवल्याची, धूपछाँव. तिचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, इथे हिरवा आणि जांभळा. रेशीम सरळ बघितलं तर जांभळं, पदर हलला की हिरवं. काठ जरीचा. काठाला मॅच म्हणजे सोनेरी, प्रश्न तिथेच मिटत होता. पण वहिनींना यावेळी अंगानेही साद घातली. अंग हलतं तर पापणीनेही हलायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि तशी वस्तू निघते. तिला ड्युओक्रोम म्हणतात. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्या थराच्या वरून आणि तळातून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि बघायचा कोन बदलला की रंग बदलतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाला जे इंद्रधनुष्य येतं, त्याचं कारण हेच.

लग्नाच्या पहाटे मी मदतीला गेले होते. मदत म्हणजे समोर बसायचं आणि पंखा लागू द्यायचा नाही. आधी पापणीवर प्रायमर, म्हणजे घामाने रंग घडीत जमा होत नाही. मग पापणीच्या खोबणीत तपकिरी, मऊ ब्रशने इकडून तिकडे, रिक्षाच्या काचेवरच्या वायपरसारखा. मग मधोमध काळ्या पेन्सिलीचा हात, कारण ड्युओक्रोम काळ्यावर दुप्पट बोलतो. आणि त्यावर तो रंग, ब्रशने नाही तर अनामिकेच्या टोकाने, दाबून. घासायचा नाही. वहिनींनी श्वास रोखला होता. मीही रोखला. मग आतल्या कोपऱ्यात काठासाठी सोनेरी ठिपका, लायनर, काजळ, मस्कारा. "बघ," त्या म्हणाल्या आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे वळवली. जांभळं हिरवं झालं आणि परत जांभळं झालं. भाऊ दारात उभे होते. हातात शेला तसाच. "हा सिग्नल आमच्याकडे नव्हता," ते म्हणाले. मी ऐकलेलं त्यांचं हे सर्वांत मोठं कौतुक.

हॉलमध्ये वहिनींनी मिळेल तिथे डोळे मिटले. मंगलाष्टकं, सप्तपदी, कानपिळी, विहिणींची पंगत. फोटोग्राफर हैराण. "काकू, डोळे उघडे ठेवा. काकू, प्लीज. वन मोअर." त्याने प्रत्येक क्षणाचे दहा-दहा फोटो काढले, आणि महिन्याभराने अल्बमची निवड करायला बोलावून अभिमानाने सांगितलं, "काकू, तुमचे डोळे मिटलेला एकही फोटो ठेवला नाही. शोधून शोधून काढलेत."

वहिनी स्टूलवर बसल्या. स्टुडिओतल्या मुलाने पाणी दिलं. मग त्यांनी अत्यंत शांत आवाजात विचारलं, "काढलेले कुठे जातात?"

सुदैवाने ते कुठेच गेले नव्हते. कॉम्प्युटरवर 'रिजेक्ट' नावाचा एक फोल्डर होता. त्यात जांभया देणारे मामा, जिलबी तोंडात कोंबलेली मुलं, पाठमोरे भटजी, आणि पानापानावर वहिनी. कुठे जांभळ्या, कुठे हिरव्या, कुठे एक पापणी जांभळी आणि दुसरी हिरवी. स्वतःच्या दोन्ही पापण्या त्या जन्मात पहिल्यांदा बघत होत्या. "हा," त्या एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या. "सर्वांत मोठ्या साइजमध्ये." मुलगा कामाला लागला. "काकू, डोळ्यांवर जरा हिरवी झाक आलीये बघा लाइटमुळे. एका मिनिटात काढून टाकतो." वहिनींचा आवाज त्या दिवशी तीन दुकानं सोडून चहाच्या टपरीवर ऐकू गेला म्हणतात.

फोटो आला, फ्रेम झाली आणि दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लागली. नऊवारी पैठणी, नथ, हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कमालीची तृप्ती. पाहुणे दारातून आत येतात आणि आपोआप आवाज खाली करतात. चपला काढायला विसरलेले परत जाऊन काढतात. एकदा गॅसवाल्याने सिलिंडर खाली ठेवून हात जोडले आणि वहिनींनाच विचारलं, "कधी झालं?" वहिनींना वाटलं लग्नाचं विचारतोय. "मे महिन्यात," त्या म्हणाल्या, "फार छान झालं."

दसऱ्याला नवीन लागलेल्या कामवाल्या मावशींनी सकाळीच येऊन सगळ्या घराला झेंडूचे हार घातले. दाराला, देव्हाऱ्याला, भाऊंच्या स्कूटरला, मिक्सरला, शिवणयंत्राला. एक हार उरला. तो त्यांनी स्टुलावर चढून या फ्रेमला घातला, खाली उदबत्ती लावली आणि पदर पुढे घेऊन नमस्कार केला. भाऊ आंघोळ करून बाहेर आले आणि किंचाळले, "अहो मावशी, काढा! काढा तो! अहो जिवंत आहेत त्या, आत पुरणाला बसल्यात!" मावशींच्या हातातली काडेपेटी पडली. मीही आवाज ऐकून समोरच्या दारातून धावत आले. वहिनी पुरणाचे हात तसेच धरून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी हार बघितला, उदबत्ती बघितली, रडकुंडीला आलेल्या मावशींकडे बघितलं. मग दोन पावलं मागे सरल्या आणि डोळे बारीक केले.

"केशरी नको हो मावशी," त्या म्हणाल्या. "पिवळा घाला. काठ जरीचा आहे."